छातीइतक्या उंचीवर

लेक : पण झाड बारीक कसं होईल, बाबा?

बाबा : तेच तर मी तुला विचारतोय! माणूस आजारपणात उतरतो, झाडाचं असं कधी ऐकलंयस? तिसऱ्या पट्ट्यातलं एकवीस नंबर. घेर एकशे बेचाळीस सेंटीमीटर. दोन वर्षांपूर्वी, निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात, मी या हातांनी फीत लावलीय.

लेक : नव्या लोकांना एकशे अडतीस मिळाला.

बाबा : नवे लोक! गाडीतून उतरायचं, फीत गुंडाळायची, की परत गाडीत.

लेक : एकच झाड असतं तर मीही तेच म्हटलं असतं. तुमच्या बाराही पट्ट्यांत तसंच निघालंय. प्रत्येक झाड तीन-चार सेंटीमीटरनं कमी.

आई : अगं, आल्या आल्या काय हे? पाणी तरी घे आधी. भर दुपारी ऑफिस सोडून आलीस, मला आपलं वाटलं, आईची आठवण झाली.

लेक : आई, थांब जरा. साडेपाचच्या आत मला परत पोचायचंय, हा कागद घेऊन.

बाबा : कसला कागद?

लेक : मोठ्या साहेबांनी दिलाय. तुमची मोजणी बरोबर आणि नव्यांची चुकली, असं तुम्ही लिहून द्यायचं. सही झाली की अहवाल छापायला जाईल. ‘राज्याच्या जंगलाची वाढ समाधानकारक’, दरवर्षीसारखं.

बाबा : मग दे की पेन. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?

लेक : वाढ दिसली की तोड मंजूर होते, बाबा. जेवढं वाढलं तेवढंच कापायचं, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. वरच्या उतारावरची सहाशे झाडं उद्या सकाळी तोडायला घेणारेत. तुमच्या आकड्यांवर.

बाबा : वाढलीत म्हणून तोडताहेत ना? जीव तुटतो माझा, पण नियम तो नियम.

लेक : आणि वाढलीच नसतील तर?

बाबा : म्हणजे? मी घरी बसून आकडे भरले, असं म्हणायचंय तुला?

लेक : ऑफिसात म्हणताहेत. मी नाही म्हणत.

बाबा : तू कशाला म्हणशील! तू नुसती विचारायला आलीस!

आई : अहो, आवाज खाली. आणि तू गं, बोलताना जरा भान ठेव. पायांना जळवा घेऊन घरी यायचे हे. मी मीठ लावून एकेक काढलीय. घरी बसून म्हणे!

लेक : म्हणून तर साहेबांशी भांडून मी स्वतः आले. चिडू नका, बाबा. मोजताना नेमकं काय करायचात तेवढं सांगा. काठी लावायचात ना?

बाबा : कसली काठी?

लेक : एक मीटर सदतीसची. जमिनीपासून तेवढ्या उंचीवर घेर घ्यायचा, असं पुस्तकात आहे.

बाबा : पुस्तकात ‘छातीइतक्या उंचीवर’ असंही आहे. पहिल्याच वर्षी जुन्या साहेबांनी मला त्या काठीशेजारी उभं केलं. काठीचं टोक बरोबर माझ्या खिशाच्या शिलाईला लागलं. हसून म्हणाले, तुला काठी कशाला रे, तूच काठी! पुऱ्या टोळीत एकट्या मला म्हणाले.

लेक : आणि झाडावर रंगाची खूण? ती असती तर फीत दरवर्षी त्याच जागी बसली असती.

बाबा : ती मीच बंद केली. रंग दिसला की चोरांना आयतं कळायचं, सरकारनं मोजलेलं म्हणजे चांगलं झाड. दोन वर्षांत चौदा गेली माझी. मग म्हटलं, खूणच नको. समोर उभं राहायचं, शिलाईच्या उंचीला फीत धरायची, बस्स. बावीस वर्षं. एक झाड चुकवलं नाही.

आई : पण ती शिलाई तिथंच राहिली होती का?

बाबा : तू मध्ये बोलू नकोस. तुला त्यातलं काय कळतं?

आई : मोजणीतलं नाही कळत. तुमचे सदरे मात्र मीच उसवते नि मीच शिवते. ओढ्यात पडून कंबर धरली, तेव्हापासून सदरा पुढून लोंबायला लागला. पुढची बाजू आखूड केली. चार वर्षांनी परत केली. आता तर खुंटीवरची टोपीसुद्धा मलाच काढून द्यावी लागते.

बाबा : त्याचा इथे काय संबंध?

लेक : बाबा, जरा इकडे या. दाराशी उभे राहा.

(लेक पिशवीतून फीत काढते.)

लेक : ताठ नका होऊ. झाडासमोर उभे राहायचात तसे राहा.

बाबा : असाच तर राहायचो.

आई : नाही हो. सोडा अंग जरा. हं, असे.

लेक : खिशाच्या शिलाईपर्यंत एक मीटर सव्वीस.

बाबा : परत मोज.

लेक : दोनदा मोजलं.

बाबा : जमिनीला टेकवलीस का फीत? दाखव... अकरा सेंटीमीटर कमी. अगं, खाली बुंधा रुंद असतो! पोराटोरांनाही कळतं ते. म्हणजे मी दरवर्षी आणखी जरासं खालून मोजत आलो?

लेक : हो.

बाबा : आणि झाडं?

लेक : होती तेवढीच आहेत. दहा-बारा वर्षं झाली असतील. वरचा झरा आटला तेव्हापासून बहुतेक.

बाबा : झरा आटला ते मला ठाऊक होतं. पानं लवकर गळायची, शेंडे सुकायचे, डोळ्यांना सगळं दिसत होतं. तरी फीत वाढ दाखवायची. मला वाटायचं, चिवट आहेत बिचारी. पाणी नाही तरी वाढताहेत. घरी येऊन हिला कौतुकानं सांगायचो.

आई : सांगायचे. मी पुढे शेजारणीला सांगायची. आता सही केली तर यांच्यावर काही बालंट येणार नाही ना?

लेक : सही केली तर काहीच होणार नाही. झाडं जातील, बस्स. खरं लिहून दिलं तर तोड थांबेल. पण मग बावीस वर्षांच्या वह्या बाद. चूक कुठल्या वर्षापासून शिरली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

बाबा : मलाही नाही. माणसाला थोडंच कळतं, आज आपण एवढे उतरलो म्हणून.

लेक : मी तुम्हाला अमुक करा म्हणणार नाही, बाबा. खरंच नाही.

बाबा : तुझ्या आईला विचार.

आई : मला विचाराल तर सही करा नि मोकळे व्हा. त्या जंगलानं तुमची कंबर घेतली, आता नावही द्यायचं? पण सही केलीत, की जन्मभर त्या सहाशे झाडांसाठी कुढत बसाल, आणि ते ऐकायला मीच असणार. तेव्हा मला विचारूच नका.

बाबा : कोरा कागद आहे का गं? लिही तू. मी सांगतो तसं. ‘मी काठी वापरली नाही. वयानं माझी उंची कमी झाली, त्यामुळे झाडं वाढल्यासारखी दिसली. माझी सर्व मोजणी रद्द धरावी.’

लेक : ‘सर्व’ नको ना. सुरुवातीची वर्षं तरी खरी आहेत.

बाबा : सर्व लिही. त्यांना फट सापडली की त्यातूनच करवत घालतील.

लेक : लिहिलं.

बाबा : आण इकडे... झाली सही. पळ आता, साडेपाच वाजतील. वाचतील ना सगळी?

लेक : वरच्या उतारावरची वाचतील.

बाबा : वरच्या म्हणजे? आणि खालच्या?

लेक : बाबा...

बाबा : बोल की.

लेक : खालच्या उताराची तोड तुमच्या शेवटच्या आकड्यांवर आधीच मंजूर झाली होती. सोमवारी सुरू केली. काल संपली. मला आज फाईल हातात आल्यावर कळलं.

आई : सोमवारी? अहो, म्हणजे सकाळी आपण ओट्यावर बसलो होतो तेव्हा...

बाबा : हो. वाऱ्यावर यंत्राचा आवाज येत होता. मी हिला म्हणालो, चला, एकदाची वाळलेली झाडं काढायला घेतली, आता चांगल्यांना तरी मोकळं वाढता येईल. बरं वाटलं होतं गं मला.