कानातला वाटाणा

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोला बाई. मी कुजबुजतेय म्हणून तुम्हीही कुजबुजू नका. माझी सवयच आहे ती, आणि इकडे काचेपलीकडे तीनशे माणूस बसलंय…

कोण?… अंपारो? ओर्तेन्सियाची अंपारो?

अगं पोरी! मी तोमासा. तोमासामावशी! प्रॉम्प्टिंग करते ती… हो, आहे अजून, मरतेय कशाला? फाटकावरच्यानं इकडे जोडून दिला वाटतं फोन. बरं केलं. कुठून बोलतेयस?… बसस्टँडवरून? म्हणजे पोहोचलीससुद्धा?

नाही, ती नाही येऊ शकत फोनवर… अगं नाही, पडली-बिडली नाही! ठणठणीत आहे. बसलीय. सेटवर, टेबलाशी बसलीय, मला इथून दिसतेय. केसातली पिन नीट करतेय.

सहाची गाडी… हालापाला परत जायची. हो, ठाऊक आहे मला. बॅग भरून तिला फाटकापाशी आणून सोडायचं, आणि तू आत यायची नाहीस… हो, हो… 'त्या जागेत मी पाऊल टाकणार नाही.' ऐकलंय मी. तुझी शपथ इथं झाडूवाल्यालाही पाठ आहे.

अंपारो, ऐक ना… ऐक. आज इथं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मी हा फोन ठेवायची नाही. माझ्या अंगावरचा काटा अजून गेलेला नाही. बघ, हा हात… अगं, दिसत नाही ते कळतं मला! म्हणायची पद्धत असते.

फोनच्या कार्डात किती आहे?… मग बस. भरपूर आहे.

आधी एक कबुली देते. शिव्या द्यायच्या तर शेवटी दे, मध्ये तोडू नकोस. तुला वाटाणा माहीत आहे ना?… खायचा नव्हे गं! नटांच्या कानातला. तुझ्या लहानपणी नव्हता, तेव्हा मी टेबलाखाली दडून बसायची, कागद घेऊन. आता एवढीशी गोळी असते, कानात घालतात. मी इथं वर माइकमध्ये वाक्य म्हणते, खाली नटाला कानात ऐकू येतं. सगळेच घालतात, त्यात काही लाज नाही. दर आठवड्याला नवा भाग, पाठ कोण करत बसतंय?

पण तुझ्या आईला मी वाक्यं देत नव्हते, अंपारो.

म्हणजे वाक्यं तर द्यायचीच. पण गेलं दीड वर्ष… सगळंच द्यायची. 'डाव्या हाताला दार आहे. हा समोरचा तुझा मोठा मुलगा. आता हस. पेला उचल. पाणी पी. पेला खाली ठेव.' सगळं.

हो. दीड वर्ष.

कारण तुला कळवलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी येऊन नेलं असतंस, आणि ती इथं आली की अशी… अशी उजळायची गं. सकाळी मेकअपच्या खुर्चीत मला विचारायची, 'बाई, तुम्ही कोण?' आणि दिवे लागले की ताठ. कुणाला संशय आला नाही. एवारिस्तोला आला असेल. बावीस वर्षं मालिकेत तिचा मुलगा रुबेन झालाय तो, त्याला कळणारच. पण तो बोलला नाही… हो, चुकलंच माझं. चुकलंच म्हणतेय ना मी?

बरं. तर निर्माते आहेत ना, सेन्योर उगार्ते, तुझ्यासारखंच त्यांच्याही कानावर गेलं कुठून तरी. आज ते स्वतः येऊन बसले. प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत, मांडीवर वही घेऊन. म्हटलं, आज आपलं भांडं फुटणार.

प्रवेश नेहमीचाच. 'पानं घेतलीत!' म्हणून ती हाक मारते आणि सगळं घर जेवायला धावतं. तो लठ्ठ शेजारी बरोबर वास काढत येतो… हो, तोच, मेला अजून तसाच आहे. जेवण खरंच असतं हं. तुझ्या आईचा नियम. पहिल्याच वर्षी म्हणाली होती, कागदाच्या मिरच्या वाढणार असाल तर मी घरी जाते. तेव्हापासून शेवयांचं सूप, भात, भरलेल्या मिरच्या, सगळं मागच्या चुलीवर होतं. पहिल्या रांगेतल्या बायकांना भूक लागते.

तर ती दोन वाक्यं बोलली. माझीच. तिसरं मी कानात म्हटलं, 'रुबेन, तुझ्या पगाराचं काय झालं?' आणि ती गप्प. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं काय केलं ठाऊक आहे?… मान वाकडी केली, कानात बोट घातलं, वाटाणा काढला आणि सगळ्यांसमोर धरून म्हणाली, 'ही कोण बाई सारखी बडबडतेय? जेवताना तरी गप्प बसा म्हणावं.' आणि बशीच्या कडेला ठेवून दिला!

हसतेयस? सगळे हसले गं! तीनशे माणूस खदाखदा हसलं. त्यांना वाटलं, विनोदच आहे. आता मी कुणाच्या कानात बोलू? मी इथं काचेमागे, ती तिथं, मध्ये काही नाही. उगार्तेंनी वही उघडली.

आणि अंपारो… ती बोलायला लागली.

नाही, कागदावरचं नाही! कागदावरचं एक अक्षर नाही. एवारिस्तोकडे बघितलं आणि म्हणाली, 'तू मिरची ठेव खाली. रात्रभर पोट धरून बसतोस आणि बायकोला जागवतोस.' आता त्या माणसाला खरंच अल्सर आहे, पोरी! रुबेनला नाही, एवारिस्तोला! तो तिथल्या तिथं लहान पोरासारखा म्हणाला, 'हो आई,' आणि खाली ठेवली. नेलिदाला, ती धाकट्या मुलीचं काम करते ना, तिला म्हणाली, 'तुझे डोळे का सुजलेत? त्यानं पुन्हा फोन नाही केला? नको करू दे. भात घे.' आणि नेलिदाचं खरंच… जाऊ दे, ते तिचं तिला. ती रडता रडता हसायला लागली. लठ्ठ्याला म्हणाली, 'तू दर वेळी रिकाम्या हातानं येतोस, निदान तुझी भूक तरी घरी ठेवून येत जा.' लोक बाकांवरून पडायचे बाकी राहिले होते!

अकरा मिनिटं. घड्याळ लावून सांगते. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, बाई. मोठमोठ्यांना घाम फुटलेला पाहिलाय, वाक्य विसरून ढसाढसा रडलेले पाहिलेत. पण असं… कॅमेरावाला डोळा पुसत होता आणि कॅमेरा हलू देत नव्हता. दिग्दर्शकानं दोन्ही हात वर धरले होते, कुणी थांबवू नका म्हणून. सगळं विसरलेली बाई. स्वतःचा पत्ता सांगता येत नाही तिला. पण कुणाला काय पचत नाही, कुणाचं काय दुखतंय, एकूण एक ठाऊक! कुठं ठेवलं होतं एवढं सगळं? मी तिच्या कानात बसले होते दीड वर्ष, मला पत्ता नाही. मला वाटायचं मी तिला चालवतेय. छे! मी नुसती तिच्या आड येत होते.

काय म्हणालीस?… नीट ऐकू नाही आलं. पुन्हा बोल.

… …

हो. हो गं. खरं आहे ते. 'त्यांचं सगळं आठवतं, माझा वाढदिवस नाही.' खरं आहे. मी कशाला नाही म्हणू? तू शाळेतून यायचीस आणि ही इथं टेबल मांडून बसलेली, परक्या पोरांना वाढत. सगळ्या देशाला हिनं जेवू घातलं आणि तुला शेजारणीनं. ठाऊक आहे मला. मी होते ना इथं. तुझा फोन यायचा तीन वाजता, आणि मीच उचलून सांगायची की आई कामात आहे.

रडू नकोस. म्हणजे रड, पण ठेवू नकोस फोन. मी अजून शेवटाला आलेच नाही. म्हणून तर तुला धरून ठेवलंय!

ऐक. सूप वाढून झालं. सगळ्यांनी चमचे उचलले. आणि तुझ्या आईनं टेबलावर हात आपटला. 'थांबा!' म्हणाली. एवारिस्तोचा चमचा तोंडापाशी, तसाच राहिला. म्हणाली, 'कुणी सुरुवात करायची नाही. माझी अंपारो यायचीय.'

… हॅलो?… आहेस ना?

हो. तुझं नाव. अंपारो. या मालिकेत अंपारो नावाचं कुणी नाही. बावीस वर्षांत नव्हतं, मीच सगळे कागद वाचलेत ना. टेबलावर एकमेकांकडे बघायला लागले सगळे. आणि ती वळली थेट सेटच्या बाहेर, आमचा सामानवाला उभा होता अंधारात, त्याला म्हणाली, 'अरे, बघत काय राहिलायस, एक खुर्ची आण.' आणि तो एप्रन घातलेला माणूस सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत आला, खुर्ची घेऊन! तिच्या शेजारी ठेवली. तिनं वाडगा घेतला, एप्रनच्या टोकानं पुसला, मांडला. सूप वाढलं. वर ताटली झाकली.

मग म्हणाली… थांब, हे मला जसंच्या तसं सांगू दे, वाक्य देणं हेच तर माझं काम. म्हणाली, 'शाळा सुटायची वेळ झालीय. मी तिला कबूल केलंय, आज आपण बरोबर जेवायचं. रोज कबूल करते आणि रोज चुकवते. आज नाही चुकवायचं.'

… …

नाही. कुणी हसलं नाही.

दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं, हळूच. दिवे तसेच आहेत. त्याला वीस मिनिटं झाली आता. कुणी उठलेलं नाही, अंपारो. शपथ घेऊन सांगते. एवारिस्तो बसलाय, नेलिदा बसलीय, तो लठ्ठ्या, ज्यानं बावीस वर्षांत समोरचं ताट सोडलं नाही, तो हाताची घडी घालून बसलाय! आणि प्रेक्षक! पिशव्या घेऊन आलेल्या बाया आहेत, दोन-दोन बस बदलून आलेल्या, परत जायचंय त्यांना. एकही हलली नाही. उगार्ते उठले होते, मला वाटलं आता हाकलतात. टेबलापाशी गेले, टोपी काढली आणि तिला अगदी आदरानं विचारलं, 'दोन्या ओर्तेन्सिया, मुलीची शाळा किती वाजता सुटते?' म्हणाली, 'एवढ्यात येईल.' तर ते पहिल्या रांगेत परत जाऊन बसले. वही मिटून.

मीही बसलेय. काय बोलणार? आणि तेवढ्यात हा फोन वाजला, आणि तू म्हणालीस 'अंपारो'. माझ्या छातीत काय झालं असेल ते तूच समज.

नाही गं, तुला नको म्हणत नाहीये मी. ने तिला. काम संपलं तिचं, आज संपलं. मीच उगार्तेंना सांगेन. दीड वर्षापूर्वी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही, माझंच पोट तिच्याशिवाय भरत नव्हतं. उद्या ने. सकाळच्या गाडीनं ने. पण आज आत ये. शपथ मोड. मी सांगतेय, मोड.

कसली भीती?… बोल ना… ओळखलं नाही तर?

नाहीही ओळखणार. खोटं कशाला सांगू. ती दहा वर्षांच्या पोरीची वाट बघतेय, दोन वेण्यांच्या, आणि येणार बत्तीस वर्षांची बाई. मलाही ओळखत नाही ती.

बरं, थांब. वाक्य देते तुला. तीन नंबरच्या फाटकानं यायचं. सरळ चालत टेबलापाशी. दिव्यांकडे बघू नकोस, लोकांकडे बघू नकोस, फक्त तिच्याकडे. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकव, दप्तर अडकवतात तशी. बस. आणि म्हण, 'आई, शाळा सुटली.'

एवढंच. पुढचं ती बघून घेईल. आज सगळ्यांचं बघितलंय तिनं.

म्हणून दाखव… आत्ताच, फोनवर… लाजतेस कुणाला, स्टँडवरच्या लोकांना? म्हण… हळू झालं. मोठ्यानं… पुन्हा…

हां.

हां, असंच.

नाही, माझं काही नाही, सर्दी झालीय… काय वाजतंय ते? कार्ड संपलं? बरं, टॅक्सी कर, बस नको, टॅक्सीलाच पाऊण तास लागेल. तीन नंबरचं… बरोबर, तीन. मी फाटकावर सांगून ठेवते, तुझं नाव सांग नुसतं… अंपारो? सूप कोमट झालं तर…

हॅलो?… हॅलो?

गेला.

… ए, खाली सेटवरचा स्पीकर लाव रे माझा… लागला? एवारिस्तो, ते सूप घे सगळ्यांचं आणि पुन्हा गरम करायला सांग. पाऊण तास आहे. लोकांना सांग, ज्यांना जायचंय त्यांनी… बरं, कुणीच नाही. बसा मग.

दोन्या ओर्तेन्सिया! इकडे, वर बघा, काचेत! हो, हो, तिचाच फोन होता. शाळा सुटली. निघालीय.