सोजरमावशीला वाचून दाखवलेलं

व्यंकटभाऊ, सविता वहिनी, गावातली वडीलधारी मंडळी, आणि दर रविवारी माझ्यासोबत इथं येणारे माझे चौघे दोस्त. तुम्ही सगळे सोजरमावशीसाठी कामधंदे सोडून या माळावर येऊन बसलात. मला बोलायला लावू नका, असं मी व्यंकटभाऊंना दोनदा म्हणालो. ते म्हणाले, "आईला तुझं बोलणं लई आवडायचं." म्हणून उभा राहिलो.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. नांदेडला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हैदराबादला नोकरीत असताना दोर न लावता खडकावर चढायचा नाद लागला. गावाकडं परतलो आणि खडक हुडकत फिरलो, तेव्हा नायगावजवळ हे धोंडे सापडले. जमीन सोजरमावशीची, म्हणजे व्यंकटभाऊंच्या आईची. ती म्हणाली, "चढा बाबा, धोंडे काय झिजून राहिलेत का?"

खरं बोलू का? ही जागा आम्हाला कधीच धड आवडली नाही. फुटक्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, शेळ्यांच्या लेंड्या. खडकावर ऑइलपेंटनं बदाम आणि त्यात नावं. आम्ही पाचही जणांनी कधी ना कधी शपथ घेतली की आता इथं पाऊल ठेवणार नाही. आणि पुढच्या रविवारी पाचही जण हजर. आम्ही शिव्या द्यायच्या, पण बाहेरच्यानं नाव ठेवलं की आमचं डोकं फिरायचं.

मावशी मात्र रविवारी आमच्याआधी खराटा घेऊन इथं यायची. काचा वेचून घमेल्यात भरायची. खाली पडल्यावर लागू नये म्हणून घरची जुनी गादी डोक्यावर घेऊन यायची. हैदराबादला त्यासाठी जाडजूड मॅट असतात. आमच्याकडं मावशीची गादी होती. तिच्यावर मी किती वेळा पडलो असेन, ते माझ्या कमरेला माहीत. पडलो की मावशी विचारायची, "वर जायचं, खाली पडायचं. ह्यात काय घावतं रे तुला?" मी धूळ झटकून परत वर चढायचो.

आता जे सांगायला उभा आहे, ते सांगतो.

मागच्या वर्षी हैदराबादचे माझे जुने सोबती इथं यायचं म्हणत होते. मला लाज वाटली. ते हसतील, त्याच्याआधी आपणच हसून घ्यावं, असं वाटलं. चढणाऱ्या लोकांची एक वेबसाइट आहे. कुठं कोणते खडक आहेत ते तिथं लिहितात. मी आपल्या जागेबद्दल लिहिलं. काय लिहिलं? "जागा गचाळ आहे. मुद्दाम यावं असं काही नाही. गावातली एक बाई गादी आणून देते. ढेकणांची सवय असेल तर त्या गादीवर पडा." लोकांनी हसरे चेहरे टाकले. मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं.

सोबती आले नाहीत. पण आमच्यातलाच कुणीतरी मावशीला बोलला की तुमचे धोंडे मोबाईलवर आलेत. तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्याजवळ येऊन बसली. "आमच्या धोंड्याचं काय लिवलंय, वाच की."

मी मोबाईल हातात धरला आणि खोटं वाचलं. नायगावचे खडक फार सुंदर आहेत, असं वाचलं. इथली मावशी जागा आरशासारखी लख्ख ठेवते, असं वाचलं. ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "आनखी एकदा वाच."

मंडळी, खोटं दुसऱ्यांदा वाचणं अवघड असतं. पहिल्यांदा काय बोललो ते मला आठवेना. मी काहीतरी दुसरंच वाचलं. मावशीनं एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाली, "बरं." आणि शेळ्यांकडं गेली.

पुढच्या रविवारी आलो तर गादी ओळखू येईना. कापूस पिंजून आणलेला, नवी निळी खोळ शिवलेली. मी चेष्टा केली, "मावशी, घरात लग्न काढलंय का?" ती म्हणाली, "हाव, तुमचंच." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसलो.

काल मावशीचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर मावशीच्या सुनेनं, सविता वहिनींनी, मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वाचून दावलं त्या दिवशी सांजंला आत्यानं माझ्याकडून मोबाईलवरचं वाचून घेतलं होतं. सगळं."

मी विचारलं, मग मावशी मला काही बोलली का नाही? वर्षभर चहा पाजला, काचा वेचल्या, एका शब्दानं का बोलली नाही?

वहिनी म्हणाल्या, "मी म्हनलं होतं, आत्या, त्याला चांगलं खडसवा. तर म्हनल्या, न्हाई, त्याला कळू देऊ नको. शरमंनं लेकरू यायचं बंद व्हईल."

लिहिलेलं मी पुसलं. कधी पुसलं? मावशी गेल्याचा फोन आला त्या दिवशी. वर्षभर ते तसंच होतं, कारण लोक हसत होते. व्यंकटभाऊ, वहिनी, तुमच्या माणसाची मी चारचौघांत टवाळी केली. म्हणून माफीही चारचौघांत मागतो. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. जिनं द्यायची होती, तिनं मी न मागताच देऊन टाकली, आणि तेच मला सोसत नाही.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं, ही विनंती.

मावशी, तुला नमस्कार. मला लई शरम वाटते. पण मी येणं बंद करणार नाही.