रक्त कोणाकडचं

हर्षाली : सकाळी नऊ चाळीसला दिलं रक्त. गंगापूर रोडच्या लॅबमध्ये. काल सांगितलं असतं तर तू उपास धरून बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

लताबाई : मग आता तरी कशाला सांगतेस? कशाचं रक्त? शुगरचं?

हर्षाली : नाही. ओमला जे आहे ते माझ्यात लपलंय का, ते बघायला.

लताबाई : तुझ्यात काय लपणार हाय? बी.कॉम. झालीस, बँकेत खुर्चीवर बसतेस.

हर्षाली : वरून कळत नाही आई. गेल्या महिन्यात ओमच्या थायरॉइडसाठी गेलो होतो ना, तेव्हा मी डॉक्टर बाईंना सांगितलं, मला दिवस गेलेत, पोटातल्या बाळाला भीती आहे का. त्या म्हणाल्या, आधी भावाचं रक्त तपासू. त्याचा रिपोर्ट परवा आला.

लताबाई : पंचवीस वर्षांच्या बाप्याचं आता काय तपासायचं? डाउन सिंड्रोम हाय, ते आपल्याला पाठच हाय की.

हर्षाली : त्यात प्रकार असतात. बहुतेकांचा आपोआप होतो, कोणाकडून येत नाही. ओमचा वेगळा निघाला. त्यात गुणसूत्राचा एक तुकडा भलत्याच ठिकाणी चिकटलेला असतो. तो कधी आपोआप चिकटतो, कधी आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो. ज्याच्याकडून येतो तो स्वतः धडधाकट असतो. त्याला पत्ताच नसतो.

लताबाई : म्हणजे मीच.

हर्षाली : नाहीतर बाबा. नाहीतर दोघंही नाही.

लताबाई : अगं, ते ग्रहणाचं हाय. साऱ्या सायखेड्याला ठाऊक हाय. अकरा ऑगस्ट, नव्व्याण्णव साल, बुधवार. मला तिसरा महिना. तुझ्या आजीनं आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. शिवू नको, चिरू नको, जागची हलू नको. आन मी विळीवर काकडी चिरली.

हर्षाली : ते आजी दर दिवाळीला सांगायची. का चिरलीस, ते मात्र तिनं कधी नाही सांगितलं.

लताबाई : तिला कुठं माहीत होतं.

हर्षाली : का चिरलीस?

लताबाई : ती मेथी नीट निवड. नुसत्या काड्या टाकतेस तू भाजीत.

हर्षाली : आई.

लताबाई : तू रडत होतीस. तीन वर्षांची होतीस. ग्रहणात पोरांच्या तोंडात काही घालायचं नाय, पण ते तुला कसं कळावं? काकडी दे, काकडी दे, एकच धोशा. दाराला कडी होती. दिली चिरून.

हर्षाली : आणि इतकी वर्षं बोलली नाहीस.

लताबाई : काय बोलू? माझ्यावरचा ठपका तुझ्यावर गेला असता. भावाला हिनं खाल्लं, गावातल्या बाया म्हणाल्या असत्या. मी मोठी होते, मला पेलला.

हर्षाली : काकडीनं काही झालेलं नाही. ओम पहिल्या दिवसापासूनच तसा होता. ग्रहणाच्या कितीतरी आधी.

लताबाई : हे तेव्हाच कोणी सांगायला नको होतं?

हर्षाली : सांगितलं नव्हतं का कोणी?

लताबाई : चिठ्ठी दिली होती डॉक्टरांनी. पोराचं रक्त मुंबईला पाठवा, मग पुढच्या लेकराचं बघा. तुझी आजी म्हणाली, कारण ठाऊक असताना तपासायचं काय? ग्रहणाची शांत केली. ती चिठ्ठी सुपारीसंगं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, आन समदं गंगेत सोडलं.

हर्षाली : बाबा काही बोलले नाहीत?

लताबाई : ते पूजेला बसले होते.

हर्षाली : चांदवडच्या चिमणाआत्याला मूल का झालं नाही गं?

लताबाई : दिवस गेले होते की. चारदा गेले. दोन महिने, तीन महिने, आन पडायचं. तुझ्या बापाची सख्खी बहीण ती. हे लय रडायचे तेव्हा तिच्यासाठी.

हर्षाली : डॉक्टर हेच विचारत होत्या. घरात कोणाची पोटं सारखी पडलीत का.

लताबाई : थांब. म्हणजे ते ह्यांच्या अंगानं आलं?

हर्षाली : असू शकतं. पक्कं काहीच नाही.

लताबाई : हे त्यांना बोलू नको. साठीला आलेत. मला सवय झालीय, त्यांना नाय.

हर्षाली : बोलले मी. काल, आत्याचं नाव सोडून बाकी सगळं, डॉक्टरांचा हा प्रश्नसुद्धा. रिपोर्ट हातात दिला. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

लताबाई : तरीच रात्री जेवले नाय. मला वाटलं, दुकानात ठिबकच्या नळ्यांवरून कोणाशी वाजलं.

हर्षाली : माझ्यात निघालं, तर सोळाव्या आठवड्यात पोटातलं पाणी काढून बाळाचं बघता येतं. आत्ता अकरावा चालू आहे. आणि बाळाला आहे असं निघालं, तर मला ठरवावं लागेल.

लताबाई : सार्थकराव काय म्हणतात?

हर्षाली : तू म्हणशील ते.

लताबाई : म्हणजे तेही पूजेला बसले.

हर्षाली : हसू नकोस. तुला तेव्हा आधी कळलं असतं तर काय केलं असतंस?

लताबाई : मला नको विचारू.

हर्षाली : मग कोणाला विचारू?

लताबाई : नसता ठेवला.

हर्षाली : काय?

लताबाई : चोवीस वर्षांची होते. सासूपुढं मान वर करायची सोय नव्हती. कोणी सांगितलं असतं, असं असं होणार हाय, तर नसता ठेवला. आज त्याच्याबिगर मला सकाळचा चहा घशाखाली उतरत नाय. तेही खरंच हाय. पण आजच्या खऱ्यानं तेव्हाचं खोटं होत नाय.

हर्षाली : मला वाटलं, तू म्हणशील, ठेव.

लताबाई : मी कोण म्हणणारी? त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा चौदा दिवस दवाखान्याच्या जिन्यात झोपले मी. उद्या जिन्यात तू झोपणार, मी नाय. नको ठेवू, असंही म्हणत नाय. तसं म्हटलं तर त्याच्या तोंडाकडं कशी बघू?

हर्षाली : मला तीच धास्ती आहे. ओमला कळलं तर त्याला काय वाटेल?

लताबाई : हळू. आलाय तो.

(ओम आत येतो. बेकरीचा टी-शर्ट, हातात पिशवी.)

ओम : पाच पन्नास. बस लेट होती. मी लेट नाही.

लताबाई : हात धू आधी.

ओम : आज दोनशे पाकिटं खारी. मी भरली. ताई, तुझ्या पोटात बाळ आहे.

हर्षाली : कोणी सांगितलं तुला?

ओम : दाजींनी. सिक्रेट आहे. आईला सांगू नको.

लताबाई : नाय ऐकलं मी काही.

हर्षाली : ओम, बाळ तुझ्यासारखं झालं तर?

लताबाई : हर्षे, गप.

ओम : माझ्यासारखं म्हणजे डाउन?

हर्षाली : हो. डाउन.

ओम : मग त्याला बस मी शिकवीन. तू नको. तू मला नंबर चुकीचा सांगितला होता. मी पार नाशिक रोडला गेलो होतो.

हर्षाली : चुकलं होतं माझं.

ओम : ऑपरेशन नको पण त्याला. ते दुखतं. शर्ट काढला की सगळे बघतात.

लताबाई : जा राजा, तोंड धुऊन घे. चहा टाकते.

हर्षाली : सार्थकचा फोन आहे. हं, बोल. आईकडेच आहे. कधी? एकटेच? तुला काय म्हणाले? बरं. ठेवते.

लताबाई : काय झालं गं?

हर्षाली : बाबांनी सार्थककडून लॅबचा पत्ता घेतला होता. दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि चार वाजता रक्त देऊन आले.

लताबाई : स्वतःहून?

हर्षाली : स्वतःहून.

लताबाई : माझं नाय का घेत?

हर्षाली : उद्या सकाळी जाऊ.

लताबाई : कळणार कधी?

हर्षाली : माझं एकोणीस तारखेला. बाबांचंही त्याच दिवशी देतो म्हणालेत.

लताबाई : आन ते कुठं हायेत आता? दुकानात?

हर्षाली : नाही. पाच वीसच्या चांदवडच्या गाडीत बसले. आत्याला भेटून येतो, एवढंच सार्थकला सांगितलं.