सरांना विचारलेला प्रश्न

औरादच्या गाडीसाठी वच्छलाबाई बिदरच्या बसस्थानकात बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. थोरलीचा नवरा वर्षापूर्वी वारला होता, एवढं बोलण्यावरून वच्छलाबाईंना कळलं.

"अक्का, दाजींचं राष्ट्रकवीच्या कवितांवरचं लिखाण नेटवर टाकलं म्हणं?"

"व्हय. ते गेल्यावर पोरीनं टाकलं."

"ते असताना कामून न्हाई टाकलं?"

"पोरगी लई मागं लागली होती. हे म्हणायचे, अजून एकदा तपासतो, लोकांपुढं चूक जायला नको. तपासण्यातच जन्म गेला."

"वाचायलेत का कुणी?"

"लई वाचायलेत. करजगीच्या एका पोरीनं त्याखाली विचारलंय, सर, ह्या कवितेतली आई म्हणजे नदी, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मग?"

"मला काय ठावं, नीला? ते कविता सांगायला बसले की आम्ही एकेकजण उठून जायचो."

"सर राहिले न्हाईत म्हणून लिहून टाकायचं."

"मी लिहिलं, सर आजारी हायेत, बरे झाल्यावर सांगतील."

"असं खोटं कामून लिहिलीस, अक्का?"

"त्येंला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं गं. लगेच गेले म्हणून कसं सांगू?"

औरादची गाडी लागली. वच्छलाबाईंनी पिशवी उचलली, पण त्या उठल्या नाहीत.

"मग ती पोरगी काय म्हणली?" नीलानं विचारलं.

"म्हणली, सरांना आराम करू द्या. घाई न्हाई, मी वाट बघते."