हिरा आणि पोचूची गाय

बिरजू : थांब रंजी! हे तं शेजारच्या पोचूची गाय हाय!

रंजीता : म्हणजे दोन तास आपण पोचूच्या गाईमागं हिंडलो? बाबा, तुम्हीच तं म्हणत होते, घंटी आपल्या हरवलेल्या चांदी गाईची हाय म्हणून.

बिरजू : आवाज तोच व्हता ना! गोंडपिपरीच्या बाजारातून साऱ्या गावानं एकसारख्या घंट्या आणल्या. मी बी चांदीची लाकडी घंटी काढून फेकली, तसलीच बांधली. बस जरा, पाय गेले... तू शाळेतल्या नोकरीचा फारम भरला म्हणे? पुण्याचं संशोधन सोडून राह्यली?

रंजीता : सोडल्यासारखंच हाय. सोमवारी सरांपुढे काम दाखवाचं हाय, नाईतर बंद. अन् दाखवाले काहीच नाई.

बिरजू : सालभर हिऱ्याजवळ बसून? काय करते तो हिरा?

रंजीता : ऐकतो. त्यात एका जागी कार्बनचा अणू नसतो, शेजारी नायट्रोजन बसलेला. ती खोट म्हणजेच त्याचा कान. हिऱ्यावर औषधाचे चिमुकले कण ठेवले, रेणू म्हणतात त्याले, तर त्यांच्यातल्या अणूंची बारीक चुंबकी घंटी त्याले ऐकू येते. इतके थोडे रेणू दुसऱ्या यंत्राले सापडतच नाई.

बिरजू : मंग, आयकू येत नाई का?

रंजीता : येते! माझे रेणू धुऊन काढले तरी येते. ती हायड्रोजनची घंटी. माझ्या रेणूत हायड्रोजन, हवेच्या ओलाव्यात हायड्रोजन, बोटाच्या तेलकटपणातही तोच.

बिरजू : म्हंजे तू बी पोचूच्याच गाईमागं.

(रंजीता खळखळून हसली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच. मग डोळे पुसत राहिली, आणि ते पाणी काही हसण्याचं नव्हतं.)

रंजीता : सर कधीचे सांगून राह्यले, फ्लोरीनवाला रेणू घे. फ्लोरीन ओलाव्यात नाई, बोटाले नाई. त्याचा आवाजच न्यारा.

बिरजू : काऊन नाई घेतला मंग?

रंजीता : पहिला रेणू मी स्वतः बनवला होता, बाबा. चार महिने लागले. टाकून देववत नव्हता. अन् सर सांगत होते म्हणून तर आणखीच नाई.

बिरजू : माझ्यावरच गेली.

रंजीता : तो दुसरा रेणू तयार पडला हाय, फ्रीजमध्ये. आज शुक्रवार. रात्रीची गाडी धरली तर एक मोजणी होईल... पण तुम्हाले वाघाच्या रानात एकटं कसं सोडू? चांदी गाभण हाय.

बिरजू : अवं, पोचूची गाय इथी, म्हंजे पोचू आपल्या चांदीमागं हिंडत असन! त्याले फोन लावतो मी. तू तुह्या सरले लाव.

रंजीता : काय सांगू त्यांना? इतके दिवस भांडली मी.

बिरजू : सांग, चुकली व्हती म्हून. अन् सांग, येऊन राह्यली म्हून.