डॉक्टरांच्या माशांचा नळ

शुद्धलेखनावर जाऊ नका, माझी शाळा तिसरीत सुटली, शब्दही साधेच येतात, आणि चार माणसांत जीभ अडते म्हणून कागदावर लिहून आणलंय... पण मला एक सांगा, मासे डॉक्टरांच्या आंघोळीच्या घंगाळात ठेवले, यात माझा काय गुन्हा? पेटी भरायची कशी? नळ गळत होता ना!

तुम्हाला सांगतो, सात रस्त्याजवळ डॉक्टरांचा बंगला, दिवाणखान्यात काचेची पेटी, तीत सोळा लाल मासे, आणि गच्चीवरच्या टाकीतून त्यांना ताजं पाणी आणणारा लोखंडी नळ. त्याच्या पेटीमागच्या एका जोडातून टप्... टप्... आणि खाली गालिचा!

मला नळकाम शिकवणारे उस्ताद नबीसाब कंबर धरून खुर्चीत. म्हणाले, "गुंडा, आज तूच कर. सफेदा मत लगा, मछल्याँ मरतीं. सूत को मोम लगा. नै जम्या तो जा, घर में कांड्याँ भरते बैठ."

ऐकलंत? बारा वर्षं घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, त्यातून सुटून आठच महिने झाले, आणि परत तिथंच?

सफेदा, म्हणजे जोडाला फासायचा पांढरा लेप, बाजूला ठेवला, मेण लावलेलं सूत नळाच्या आट्यांवर गुंडाळलं, पान्यानं जोड आवळला, पाणी सोडलं... टप्! आणखी आवळला... टप् टप् टप्! आवळावं तसं जास्त गळतंय, असं कधी असतं का? स्वयंपाकाच्या मथुराबाई दारातून म्हणतात, "आरं बाबा, नळ नीट करतुयास का सडा घालतुयास?" मागून डॉक्टर, पंचा नेसलेले, "काय रे, घंगाळ आज मिळेल का? बाराच्या आत झालं नाही तर मासे विहिरीत सोडतो आणि दुसरा माणूस बोलावतो!" मी म्हणालो, "होय." कशाला होय? मलाच ठाऊक नाही! आणि तिकडे टप्... टप्...

तिसऱ्यांदा जोड सोडला तर सूत बाहेर लोंबतंय, गाईच्या तोंडातून कडबा लोंबावा तसं. आणि तेव्हा कळलं हो! पाना फिरतोय उजवीकडे, आणि माझा हात सूत गुंडाळतोय डावीकडे, कांडीची सवय! मी आवळतोय आणि सूत बाहेर ढकलतोय! उस्तादांकडे बघितलं, ते बिडी ओढत खिडकीबाहेर बघतायत. त्यांना पहिल्यापासून कळलं होतं की काय!

मग उलटं गुंडाळायला घेतलं. हात ऐकेना! दोनदा आपोआप डावीकडेच गेला. शेवटी कांड्या भरणारा डावा हात मांडीखाली दाबला, सुताचं टोक दातांत धरलं, एक एक वेढा मोजून घातला, जोड आवळला, पाणी सोडलं...

काही नाही. अहो, टप् नाही!

उस्ताद कंबर धरत उठले, जोडावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाले, "हं." तुम्हाला नुसतं 'हं' वाटेल. आठ महिन्यांत पहिलं होतं ते! सोळाच्या सोळा मासे पेटीत गेले, डॉक्टर आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम नसताना मी बंगल्यावर गेलो. पाहुणे आलेले, सगळे पेटीपुढे. "वा, काय मासे! काय रंग!" पेटीमागं वाकून कुणी बघेना. डॉक्टर म्हणाले, "काय रे, काही राहिलं का?" म्हटलं, "नाही." हळूच वाकलो, जोडाखाली हात धरला, शंभरपर्यंत मोजलं. हात कोरडा ठणठणीत! पण कोरडा हात दाखवायचा कुणाला, सांगा? खिशात घातला आणि कामावर गेलो.