चिंचेनं घासलेली संगीन

माझ्या संग्रहातल्या संगिनींना हात लावू देत नाही म्हणून तुम्ही हसता ना? मग आईचा किस्सा ऐका.

गेल्या वर्षी नवरात्रात ती इथे परदेशात, आमच्याकडे स्कोफिल्ड्सला होती. मी शिफ्टवरून आलो तर देव्हाऱ्यापुढे माझी जुनी फ्रेंच संगीन, आणि तिची पितळी मूठ समईसारखी लखलखीत!

"आई, काय केलंस हे?"

"खंडेनवमी आहे ना आज. चिंचेनं घासली. किती कळकट ठेवली होतीस!"

माझं डोकंच फिरलं. "अगं, पात्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव कोरलंय, त्यावरून ती फ्रेंच आहे एवढंच कळतं. मुठीवरचा काळपटपणा म्हणजे ती धरणाऱ्या शिपायाचा हात होता, दीडशे वर्षं टिकलेला!"

आई हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्याचा हात पुसून टाकला का रे?"

मी इथल्या सवयीनं 'नो वरीज' म्हणालो, आईला!

यंदा नवमीला तिचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "संगीन पुजलीस?"

"हळदकुंकू लावतोच आहे."

"नको. मग ते पुसावं लागेल. नुसतं फूल ठेव."